फूटपाथवरचं ते लोंबणारं फळ, आणि रस्त्याकडेची बाकी मंडळी

फोटोसह आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोसायटीच्या फाटकाबाहेर फूटपाथवर एक मोठं झाड आहे. त्याला लांबलचक दोऱ्यांना दुधीभोपळ्यासारखी फळं लोंबतात. मागच्या पावसाळ्यात त्यातलं एक गाडीच्या बॉनेटवर पडलं. हे झाड कुठलं, फळ खाता येतं का, झाड काढून टाकता येईल का, आणि रस्त्यावर लावायला आंबा-पेरू सोडून अशीच झाडं का सुचतात?

वर्णनावरून हा ब्रह्मदंड आहे, शंका नको. वनस्पतिशास्त्रात कायजेलिया, इंग्रजीवाल्यांचं सॉसेज ट्री. मूळ आफ्रिकेतलं झाड. खात्री करून घ्यायची असेल तर फुलांच्या दिवसांत सकाळी लवकर झाडाखाली जा. गडद मरून रंगाची, जाड मांसल पाकळ्यांची वाटीएवढी फुलं खाली पडलेली दिसतील. फूल संध्याकाळनंतर उमलतं आणि उजाडेपर्यंत गळतं. वटवाघळांसाठीच ही सगळी मांडणी आहे. पानांच्या गर्दीत त्यांना नीट उडता येत नाही, म्हणून फुलं पानांपासून दूर, मोकळ्या हवेत दोरीवर टांगलेली. पुढे फळ धरतं तेही त्याच दोरीला. त्यामुळे इतकं जड फळ एवढ्या बारीक देठावर कसं, असं वाटतं खरं, पण तो देठ चिवट असतो. हाताने पिळून तुटत नाही, कोयताच लागतो.

खायचं म्हणाल तर नाही. कच्चं फळ विषारी आहे. जून झालेलं फळही आपल्या अर्थाने खाण्याजोगं नाही. एकदा करवतीने कापून बघा (चाकूचं ते काम नाही): आत गर म्हणून जे आहे ते तंतूंनी गच्च भरलेलं, लाकडाकडे झुकणारं, आणि त्यात बिया रुतलेल्या. पिकून मऊ होणं हा प्रकार या फळाच्या नशिबी नाही. केनियात किकुयू लोक हे फळ वाळवून मुरातिना नावाच्या पारंपरिक दारूच्या आंबवणात वापरतात, पण फळ म्हणून चिरून कोणी खात नाही. त्वचारोगावर हे फळ उगाळून लावा, असे सल्ले फिरत असतात. माझं ऐकाल तर लावू नका.

आता गाडीचं. हे फळ पाच किलोच्या पुढे सहज जातं, मोठं असेल तर जास्तच. लांबी दीड-दोन फूट. महिनोन्‌महिने झाडावर राहतं आणि कधी सुटेल याचा नेम नाही. त्यामुळे या झाडाखाली गाडी लावू नये, बाक ठेवू नये, भाजीची हातगाडी किंवा रिक्षा स्टँड तर नकोच. उपाय मात्र झाड तोडण्याचा नाही, फळं उतरवण्याचा आहे. पावसाळापूर्व छाटणीच्या वेळी शिडीची गाडी येते तेव्हा फांद्यांबरोबर फळंही देठापासून कापून दोरीने खाली घ्यायची. त्याहून सोपं म्हणजे फळ वीतभर असतानाच काढायचं. तेव्हा लांब बांबूला लावलेल्या आकडीनेही काम होतं. रस्त्यावरच्या झाडाला स्वतः आकडी लावू नका. उद्यान विभागाला अर्ज द्या आणि त्यात ‘झाड तोडणे’ न लिहिता ‘धोकादायक फळे उतरवणे’ असं लिहा. या दोन अर्जांचे रस्तेच वेगळे. तोडायच्या अर्जाचं प्रकरण होतं, पाहणी, सुनावणी, हरकती. फळं उतरवायच्या अर्जावर ठेकेदाराला सांगून काम होऊन जातं.

कायद्याचं सांगतो. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांना 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. परवानगीशिवाय झाड तोडणं हा गुन्हा आहे, आणि तोडणं म्हणजे फक्त बुंध्यावर करवत चालवणं नव्हे. मुळाशी ॲसिड ओतणं, साल सोलून काढणं, झाड मरेल अशा बेताने छाटणं हेसुद्धा त्यातच येतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणून आणखी संरक्षण मिळालं. तुमच्या फोटोतल्या बुंध्याचा घेर पाहता तुमचं झाड त्या वयाच्या आसपास असावं असा माझा अंदाज आहे. ते काढायच्या मागे लागू नका. अर्ज मंजूर होणं कठीण, आणि व्हायलाही नको.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल, कारण त्यात तुमच्या झाडाचा एकट्याचा दोष नाही. रस्त्याकडेला फळझाड लावताना बहुतेक वेळा ‘फूल सुंदर आहे का’ आणि ‘सावली पडते का’ एवढंच पाहिलं जातं. फळ किती वजनाचं, किती उंचीवरून, कुठल्या महिन्यात पडणार, आणि ते उचलणार कोण, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते रस्त्यावरच्या फळझाडाची परीक्षा एवढीच. खाता येतं की नाही हा त्यानंतरचा मुद्दा.

या परीक्षेत सगळ्यात वाईट नापास होतो तो कैलासपती. देखणेपणात त्याला तोड नाही. बुंध्यातूनच फुटलेल्या काटक्यांवर गुलाबी-केशरी फुलं, आतल्या पुंकेसरांची नागाच्या फण्यासारखी घडी, आणि सुगंध असा की पहाटे लांबूनच कळावं. याच फण्यामुळे लोक त्याला शंकराच्या देवळात लावतात आणि तो पूर्वापार आपलाच असल्याचं ठामपणे सांगतात. झाड आहे दक्षिण अमेरिकेतलं. फुलांनंतर तोफगोळ्याएवढी तपकिरी फळं लागतात, त्यांना पिकायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं, आणि खाली पडून कवच फुटलं की आतला गर हवा लागून निळसर पडतो. त्या गराचा वास फुलाच्या सुगंधाची पुरेपूर वसुली करतो. देवळाच्या आवारात, बागेत कुंपणाच्या आत तो जरूर असावा. फूटपाथवर आणि शाळेच्या दारात अजिबात नको.

जंगली बदामाची तऱ्हा उलटी आहे. त्याचं फळ छान, फूल भयंकर. मुंबई-पुण्यात फेब्रुवारी-मार्चकडे पानगळ होऊन नवी पालवी आणि फुलोरा जवळजवळ एकदमच येतो, आणि मग फोन सुरू होतात की गटार फुटलंय, कुठेतरी उंदीर मेलाय. ड्रेनेजवाले येतात, झाकणं उघडून बघतात, जातात. वास वरून येतोय हे मान वर करून बघेपर्यंत लक्षात येत नाही. हा वास माशांना बोलावण्यासाठी असतो. दोन-तीन आठवड्यांत संपतो, तेवढे दिवस खिडकी लावून घ्या. फळ मात्र बघण्यासारखं: होडीच्या आकाराच्या लाल-किरमिजी जाड पेट्या, चार-पाच एकत्र, उकलल्या की कडेने काळ्याभोर बिया ओळीने चिकटलेल्या. बिया भाजून खातात. कच्च्या मूठमूठ खाऊ नयेत, त्यांच्या तेलातली काही आम्लं शरीराला बरी नाहीत. वाळलेल्या पेट्या लाकडासारख्या टणक असतात आणि उंचावरून पडल्या तर लागतात, पण ब्रह्मदंडाच्या तुलनेत हे झाड साधुसंत म्हणायचं.

असाच दुसरा सभ्य उंच माणूस म्हणजे महोगनी. दादर पारशी कॉलनीत फिरदौसी रोडला महोगनीच्या रांगा आहेत. एका रस्त्याला एकच जात, ही तिथली पद्धत, आणि त्या कॉलनीमागे मंचेरजी जोशी यांची दृष्टी होती. महोगनीचं मुठीपेक्षा मोठं, टणक फळ देठावर ताठ उभं असतं. वाळलं की पाच फाकांनी उकलतं आणि एकपंखी बिया गरगर फिरत खाली येतात. बिया निरुपद्रवी, फाकांपासून मात्र जरा जपून.

गोरखचिंचेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिच्याबाबत मी निःपक्षपाती नाही. ही आफ्रिकेतली बाओबाब. अरब व्यापाऱ्यांबरोबर आली असावी असं सामान्यतः मानतात, काहीजण पोर्तुगीजांचंही नाव घेतात. वसईच्या किल्ल्यात आहे, राणीच्या बागेत आहे, मुंबईच्या पश्चिम उपनगरांत इथेतिथे आहे. सांताक्रूझला एस. व्ही. रोडवरचं झाड 2024 मध्ये मेट्रोच्या कामात गेलं. मध्य प्रदेशात मांडूला तर ही झाडं इतकी आहेत की तिथे फळाला ‘मांडू की इमली’ म्हणतात आणि पर्यटकांना रस्त्यावर विकतात. फळ लांबट, वरून हिरवट-तपकिरी मखमली लव, कवच फोडावं लागतं. आत रस नाहीच. लालसर धाग्यांच्या जाळ्यात पांढरे, खडूसारखे कोरडे तुकडे, प्रत्येकात एक बी. तुकडा जिभेवर ठेवला की आधी पिठूळ लागतो, मग विरघळताना आंबट होत जातो आणि शेवटी फक्त काळपट बी तोंडात उरते. पाण्यात कोळून, गूळ आणि चिमूटभर मीठ घालून सरबत उत्तम होतं. क जीवनसत्त्व भरपूर.

तिच्यावर आलेली संकटं बहुतेक गैरसमजातून येतात. पहिला गैरसमज असा की झाड मेलंय. हिवाळ्याच्या सुरुवातीला पानं झडतात ती थेट पावसाच्या तोंडावर परत येतात. सहा-सात महिने फुगलेला राखाडी बुंधा आणि वर वेड्यावाकड्या काटक्या. याच काळात ‘वाळलेले धोकादायक झाड’ म्हणून अर्ज येतात. नखाने साल जराशी खरवडली तर खाली हिरवं दिसतं, तेवढी तपासणी कोणीही करू शकतं. दुसरा गैरसमज वयाचा. घेर पाहून हजार वर्षांच्या पाट्या लावतात. आफ्रिकेत कार्बन पद्धतीने हजार वर्षांच्या वर निघालेली झाडं आहेत हे खरं, पण आपल्याकडे चांगल्या पावसात बुंधा भराभर फुगतो. त्यामुळे नुसत्या घेरावरून वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तिसरी गोष्ट लागवडीची: बीचं कवच जाड असतं, बाजूने जरा घासून कोमट पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय सहसा उगवत नाही. आणि रोपाची पहिली पानं साधी, एकेरी असतात. पंजासारखी पानं पुढे येतात. त्यामुळे ‘नर्सरीवाल्याने फसवलं’ म्हणून लोक रोप परत घेऊन जातात. रस्त्यावर लावायची तर जागा मोठी हवी. दीड मीटरच्या फूटपाथवर हत्ती बांधण्यात अर्थ नाही.

फळं गोळा करणाऱ्यांचा प्रश्न जिथे नीट सोडवलाय अशी दोन शहरं सांगतो. ब्रिटिश वास्तुविशारद ल्युटेन्सने आखलेल्या नवी दिल्लीत रस्त्यांच्या कडेने जांभळं लावली आहेत. जूनच्या शेवटापासून जुलैपर्यंत फळ येतं. नवी दिल्ली नगरपालिका फळं गोळा करण्याचे हक्क लिलावाने देते. ज्यांना हक्क मिळतो ती कुटुंबं झाडाखालीच मुक्काम टाकतात. एकजण वर चढून फांदी हलवतो, खाली चौघं चादरीची चार टोकं धरून उभी. जमिनीला न लागलेलं जांभूळ वेगळं, पडलेलं वेगळं, भावही वेगळा. दुसरं शहर स्पेनमधलं सेव्हिल. तिथे रस्त्यांवर 40,000 हून जास्त कडू संत्र्यांची झाडं आहेत. फळ तोंडात घालवत नाही इतकं कडू, म्हणून कोणी तोडून नेत नाही, आणि पडून रस्ते निसरडे होतात. पालिका हिवाळ्यात ती उतरवते. त्या भागातली बरीचशी कडू संत्री ब्रिटनला मार्मलेडसाठी जातात. 2021 मध्ये तिथल्या पाणीपुरवठा कंपनीने 35 टन संत्र्यांच्या रसापासून वायू करून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रासाठी वीज काढायचा प्रयोग सुरू केला. मला या दोन्हींत आवडतं ते हे की फळ पडणार हे गृहीत धरून त्याचा कोणीतरी धनी नेमलेला आहे.

आपल्याकडे जांभूळ लावतात आणि विसरतात. पहिल्या पावसाच्या सरीबरोबर सडा पडतो, पेव्हर ब्लॉकवर जांभळा चिखल होतो आणि दुचाक्या घसरतात. मग दोष झाडाला. रस्त्याच्या वळणावर, उतारावर किंवा सिग्नलपाशी जांभूळ लावू नये, एवढा साधा नियम पाळला तरी निम्म्या तक्रारी थांबतील. मैदानाची कड, शाळेची आतली भिंत, रुंद फूटपाथची मातीची पट्टी या त्याच्या जागा. पर्जन्यवृक्षाच्या चिकट गोड शेंगांचंही असंच होतं. टायरखाली चिरडून रस्त्यावर गूळ सांडल्यासारखं होतं, पण ते झाड इतकी सावली देतं की मी त्याला माफ करतो.

देशी बदामाबद्दल एक गंमत. सकाळी गाडीच्या टपावर अर्धवट कुरतडलेले बदाम पडलेले दिसतात आणि वर तर दुसरंच झाड असतं, वडाचं नाहीतर अशोकाचं. ही वटवाघळांची खानावळ. ती फळ तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन निवांत खातात, गर चावून रस गिळतात, चोथा आणि आठळी खाली टाकतात. पडलेली कोरडी आठळी दगडावर उभी धरून घाव घातला की आत बोटाच्या पेराएवढा पांढरा गर निघतो, पापुद्रा उलगडला तर कागदाच्या सुरळीसारखा गुंडाळलेला. चव विकतच्या बदामापेक्षा मला तरी बरी वाटते. मात्र दातांच्या खुणा असलेलं, गर ओला असलेलं कुठलंही फळ उचलून खायचं नाही, मुलांनाही तेच सांगून ठेवा. वटवाघळांकडून फळांमार्फत निपासारखा विषाणू येऊ शकतो. म्हणून वटवाघळांना हाकलू नका, त्यांचं उष्टं तेवढं टाका.

खाण्याजोगं आणि रस्त्याला शोभणारं असं विचाराल तर माझी पसंती भोकराला. मध्यम उंची, छत्रीसारखी सावली, फळ गोटीएवढं. पडलं तरी कोणाला लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये हिरवी कच्ची भोकरं लोणच्यासाठी मंडईत येतात. घरी करणाऱ्याला त्याचा चीक माहीत आहे: फळ फोडलं की बी सुटत नाही, बोटं एकमेकांना चिकटतात, म्हणून काडीला मीठ लावून बी काढायची. पिकल्यावर ते पिवळट-गुलाबी आणि बुळबुळीत गोड होतं. मोठी माणसं नाक मुरडतात, बुलबुल आणि कोकिळा झाड सोडत नाहीत. पानांवर किडीची भोकं पडतात, त्यासाठी फवारणी मागू नका. झाडाला काही होत नाही.

वीजतारांखालच्या जागेसाठी रायआवळा घ्या. उंची मर्यादित राहते, फांद्यांना चिकटून फिकट पिवळ्या आवळ्यांचे घोस लागतात, आणि तिखट-मीठ लावून खाणारी पोरं ते खाली पडूच देत नाहीत. विलायती चिंचही पोरांची लाडकी. मूळची मेक्सिकोकडची, पण आता वेटोळ्या शेंगा आणि पांढरा-गुलाबी गर घेऊन उन्हाळ्यात दर शाळेबाहेर हजर. फक्त तिला काटे आहेत, म्हणून चालणाऱ्यांच्या अंगाला लागेल अशी अरुंद फूटपाथवर नको, मैदानाच्या कुंपणाला उत्तम. सिंगापूर चेरी लावावी लागतच नाही, पक्षी आणि वटवाघळं गटाराच्या फटीत लावून जातात. दोन वर्षांत फळ देते, झाड ठिसूळ, वादळात फांदी जाते. बकुळीला वाढायला वेळ लागतो, पण शंभर वर्षांचा विचार करायचा असेल तर तिच्याइतकं भरवशाचं झाड नाही, आणि तिची केशरी तुरट-गोड फळं खाल्लेली पिढी अजून आहे.

आंबा-पेरूचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल. आंब्याला रस्त्यावर फळ धरलं की दगड सुरू होतात. दगड कैरीला कमी आणि खिडक्यांना जास्त लागतात, फांद्या तारांवर मोडतात. पेरू हाताच्या अंतरावर असतो, म्हणून त्याचं झाड फळांसाठी ओरबाडून मरतं. दोन्ही आवारात लावा.

रस्त्याकडेचं फळ खावं की नाही हेही लोक विचारतात. शिसेविरहित पेट्रोल 2000 पासून देशभर आलं, त्यामुळे पूर्वीइतकी भीती उरलेली नाही, पण धूळ आहेच. जड धातू साधारणपणे मुळं आणि पानांत जास्त साठतात, फळात कमी. वाहत्या पाण्यात चोळून धुवा, साल काढता येत असेल तर काढा, हमरस्त्याला अगदी लागून असलेलं टाळा. खरी भीती ओळख चुकण्याची आहे. दुभाजकांत सर्रास लावलेल्या पिवळ्या कण्हेरीचं, म्हणजे बिट्टीचं, हिरवं तिकोनी फळ हृदयावर परिणाम करणारं विष आहे. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात भरती होतात. अशा बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. मुलांना झाडं दाखवताना ही दोन आधी दाखवा, गोड फळांची नंतर.

तुमच्या ब्रह्मदंडाकडे परत येतो. अर्जासोबत दोन फोटो जोडा, एक पूर्ण झाडाचा आणि एक फाटकावर लोंबणाऱ्या फळांचा, आणि शक्यतो मार्चमध्येच द्या, मे उजाडल्यावर शिडीच्या गाडीची रांग लागते. खोडाभोवतीचं काँक्रीट मीटरभर तरी फोडून मातीचं आळं करून देण्याची मागणी त्याच अर्जात घाला. फोटोत ते बुंध्याला अगदी भिडलेलं दिसतंय, आणि वादळात उन्मळण्याचा धोका फळांपेक्षा त्याने जास्त वाढतो. फळं उतरेपर्यंत त्या पट्ट्यात गाड्या लावणं बंद करा. उतरवलेली फळं कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, जवळच्या शाळेला विचारून पाहा. प्राणी-वनस्पतीच्या तासाला ती फार उपयोगी पडतात आणि वर्षभर टिकतात.